अर्धा कोर्स रुग्णालयात, अर्धा गावात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात आणि त्यामागोमाग येणाऱ्या ऊसतोडीच्या हंगामात कोल्हापूरच्या रुग्णालयांत न्यूमोनिया, टायफॉइड, लेप्टो, मूत्रपिंडाचा जंतुसंसर्ग, कोयता लागून चिघळलेला पाय असे रुग्ण येत राहतात. शिरेतून अँटिबायोटिक सुरू होते आणि चार-पाच दिवसांत ताप उतरतो. खाट दुसऱ्याला हवी असते, घरच्यांनाही मुक्काम आणि हेलपाटे परवडत नाहीत. मग निम्म्या कोर्सवरच डिस्चार्ज मिळतो. ‘राहिलेली इंजेक्शने गावातल्या डॉक्टरांकडून घ्या’ असे सांगून हातात पिशवी दिली जाते आणि रुग्ण गगनबावडा, शाहूवाडी, आजरा, चंदगडच्या गाडीत बसतो. आम्ही औषधनिर्माते आणि परिचारिका आहोत. ही पद्धतच बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. नीट पार पाडली तर तिच्यात रुग्णाचे भलेच आहे. पण बाटल्यांबरोबर त्या वापरायची माहिती गावापर्यंत पोहोचत नाही, आणि चुका नेमक्या तिथे होतात. म्हणून हे पत्र.

पिशवीत बहुतेक वेळा सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक असते. त्यालाही कारण आहे. हे औषध रक्तात बराच वेळ टिकते, निम्मे व्हायला त्याला साधारण आठ तास लागतात. त्यामुळे बहुतेक आजारांत प्रौढांना दिवसातून एकदा १ किंवा २ ग्रॅम पुरते. मेंदूज्वरात मात्र दर १२ तासांनी २ ग्रॅम लागते, आणि तो रुग्ण गावात पाठवायचा नसतोच. दुसरी अँटिबायोटिक्स तशी नाहीत: मेरोपेनेम दर ८ तासांनी द्यावे लागते, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम दर ६ ते ८ तासांनी. दवाखाना सकाळी दहाला उघडतो आणि रात्री नऊला बंद होतो, मग मध्यरात्रीनंतरचा डोस कोण देणार? तीनचे दोन डोस होतात, दोन डोसांमध्ये औषधाची रक्तातली पातळी खाली जाते आणि उरलेले जंतू तेवढ्या वेळात पुन्हा वाढतात. ज्या औषधाचा डोस गावात वेळेवर मिळणार नाही, ते औषध गावी पाठवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. अशा रुग्णाला आणखी चार दिवस ठेवून घ्यावे, नाहीतर गोळीवर आणावे.

गोळीचा पर्याय आपल्याकडे फार उशिरा आठवतो. सुई म्हणजे जोरदार औषध आणि गोळी म्हणजे हलके, हा समज घरोघरी आहे आणि काही दवाखान्यांनीही तो जोपासला आहे. डॉक्सिसायक्लिन, लिव्होफ्लॉक्सासिन, लिनेझोलिड, मेट्रोनिडाझोल ही औषधे तोंडाने घेतली तरी जवळजवळ पूर्ण रक्तात उतरतात. उलट्या थांबल्या आहेत, रुग्ण जेवतो आहे, ताप आणि रक्तदाब ताळ्यावर आला आहे, तर ४८ ते ७२ तासांनी डॉक्टरांना विचारावे, ‘आता गोळीवर येता येईल का?’ सरसकट नाही येत. हाडातला संसर्ग, हृदयाच्या झडपांचा संसर्ग, मेंदूज्वर यांचे हिशेब वेगळे, तिथे शिरेतले औषध काही आठवडेही चालू शकते. पण साध्या न्यूमोनियासाठी किंवा मूत्रपिंडाच्या संसर्गासाठी गावात रोज सुई टोचून घेण्याची गरज पुष्कळांना नसते.

ज्यांना गरज असते त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर काय लिहिलेले असते? ‘इंज. १.५ ओडी × ५’, म्हणजे दिवसातून एकदा, पाच दिवस. ज्याने लिहिले त्याला ते कळते. गावातल्या डॉक्टरांपुढे मात्र प्रश्न उभा राहतो. बाजारात सेफ्ट्रियाक्सोन १ ग्रॅमची बाटली मिळते. सेफ्ट्रियाक्सोन १ ग्रॅम आणि सल्बॅक्टम ५०० मि.ग्रॅ. अशी एकत्र बाटली मिळते, तिला १.५ ग्रॅम म्हणतात. टॅझोबॅक्टम १२५ मि.ग्रॅ. घातलेली तिसरी १.१२५ ग्रॅमची. तिन्हींची ब्रँडनावे एकमेकांच्या सख्ख्या भावंडांसारखी, फरक शेवटच्या अक्षराचा. कार्डावरचे १.५ म्हणजे जोडऔषध की दीड ग्रॅम सेफ्ट्रियाक्सोन? म्हणून मूळ औषधाचे पूर्ण नाव लिहावे. त्यापुढे डोस मि.ग्रॅ. किंवा ग्रॅममध्ये, कशात आणि किती मि.लि.मध्ये विरघळवायचे, शिरेत की स्नायूत, किती मिनिटांत, रुग्णालयात किती डोस झाले, शेवटचा डोस किती तारखेला किती वाजता दिला, किती तारखेला थांबायचे, आजाराचे नाव, रुग्णाचे वजन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी), आधी कोणत्या औषधाची ॲलर्जी आली होती आणि अडल्यास वॉर्डचा फोन नंबर. यातले काहीही नवे नाही, हे सगळे केसपेपरवर असतेच. तिथून कार्डावर उतरवायला पाच मिनिटे लागतात.

आणखी एक गोष्ट कार्डावर हवी: कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) पाठवले होते का, आणि रिपोर्ट कोणी आणायचा. रक्ताचे कल्चर अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी, दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून, प्रौढांत प्रत्येक बाटलीत ८ ते १० मि.लि. रक्त घेऊन पाठवायचे असते. रक्त कमी घेतले किंवा डोस दिल्यावर घेतले तर जंतू असूनही उगवत नाहीत. प्राथमिक रिपोर्ट साधारण दोन दिवसांत येतो, अंतिम रिपोर्टला पाच दिवस लागतात. रुग्ण तर चौथ्या दिवशी घरी गेलेला असतो. मग रिपोर्ट लॅबच्या खिडकीत पडून राहतो. त्यात जंतूचे नाव आणि सेफ्ट्रियाक्सोनपुढे ‘आर’ लिहिलेले असते, म्हणजे हे औषध त्या जंतूवर चालतच नाही, आणि गावात त्याचीच सुई रोज सुरू असते. उलटही घडते. साध्या, स्वस्त, एकाच जंतूवर नेम धरणाऱ्या औषधाने काम भागेल असे रिपोर्ट सांगतो, पण तो वाचलाच जात नाही. घरातल्या एकाने लॅबची पावती घेऊन पाचव्या दिवशी रिपोर्ट आणायचाच, एवढे ठरवून टाकावे.

आता सेफ्ट्रियाक्सोनची बाटली फोडल्यापासूनचे काम. आधी लेबल वाचावे: नाव, ताकद, मुदत. मग हात साबणाने धुवावेत. रबरी बूच स्पिरिटने पुसून वाळू द्यावे, ओलेच टोचू नये. शिरेतून द्यायचे असेल तर १ ग्रॅममध्ये १० मि.लि. निर्जंतुक पाणी, म्हणजे आपण ज्याला डिस्टिल्ड वॉटर म्हणतो ते इंजेक्शनचे पाणी, घालून पूर्ण विरघळेपर्यंत हलवावे. द्राव फिका पिवळा ते अंबरी दिसतो, तो रंग बिघडल्याचा नाही. गढूळपणा, कण, तळाशी न विरघळलेली पूड दिसली तर ते औषध देऊ नये. घड्याळ लावून ३ ते ५ मिनिटांत सावकाश सोडावे. २ ग्रॅमचा डोस असेल तर १०० मि.लि. नॉर्मल सलाईनमधून अर्ध्या तासात देणे बरे. सेटच्या पाकिटावर २० थेंबांना १ मि.लि. असे छापलेले असेल तर मिनिटाला ६५ ते ७० थेंब पडले पाहिजेत. चाक अंदाजाने फिरवून निघून गेले की कधी दहा मिनिटांत बाटली संपते, कधी दोन तास लागतात.

आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेट, सेफ्ट्रियाक्सोनसाठी कधीही वापरू नये. ना विरघळवायला, ना त्याच बाटलीत घालायला, ना त्याच नळीतून एकाच वेळी सोडायला. आरएलमध्ये कॅल्शियम असते. सेफ्ट्रियाक्सोन आणि कॅल्शियम एकत्र आले की न विरघळणारे बारीक स्फटिक तयार होतात. नवजात बाळांच्या फुप्फुसांत आणि मूत्रपिंडांत असे स्फटिक सापडले, बाळे दगावली, आणि त्यानंतर २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबाबत इशारा दिला. २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला शिरेतून कॅल्शियम चालू असेल किंवा लागणार असेल तर हे औषध द्यायचेच नाही. कावीळ असलेल्या नवजात बाळालाही नाही, कारण हे औषध बिलिरुबिनला (काविळीच्या पिवळ्या द्रव्याला) रक्तातल्या प्रथिनावरून बाजूला सारते आणि ते मेंदूपर्यंत पोहोचण्याचा धोका वाढतो. मोठ्यांना आरएल आणि सेफ्ट्रियाक्सोन दोन्ही द्यायची वेळ आलीच तर एकानंतर एक, आणि मध्ये नळी नॉर्मल सलाईनने नीट धुऊन. अशक्तपणासाठी कॅल्शियम ग्लुकोनेटचे इंजेक्शन त्याच सलाईनमध्ये ‘घालून टाका’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे. खरे तर अँटिबायोटिकच्या बाटलीत दुसरे काहीच घालू नये. मल्टिव्हिटॅमिनने सलाईन गडद पिवळी होते आणि त्या रंगात गढूळपणा सहज नजरेस येत नाही.

स्नायूत द्यायचे असेल तर पाण्यात विरघळवलेले हे औषध फार दुखते, म्हणून १ टक्का लिग्नोकेनमध्ये (बधिर करणाऱ्या औषधात) विरघळवतात, १ ग्रॅमला साधारण साडेतीन मि.लि. दवाखान्यात बहुधा २ टक्क्यांची बाटली असते, तेव्हा निम्मी लिग्नोकेन आणि निम्मे इंजेक्शनचे पाणी. ॲड्रेनलीन मिसळलेली लिग्नोकेन मिळते, ती यासाठी घेऊ नये. कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागात, खोल, एका बाजूला १ ग्रॅमपेक्षा जास्त नाही. टोचल्यावर दट्ट्या थोडा मागे ओढून रक्त येत नाही हे पाहावे, कारण लिग्नोकेनमधले सेफ्ट्रियाक्सोन शिरेत गेले तर झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. काही पाकिटांत पूड आणि लिग्नोकेनची ॲम्प्यूल एकत्रच येते. ते पाकीट फक्त स्नायूसाठीचे. घाईत तीच ॲम्प्यूल फोडून शिरेत देण्याची चूक अगदी सोपी आहे. म्हणून शिरेतून घेणाऱ्या रुग्णाच्या पिशवीत असे पाकीट देऊच नये.

लहान मुलांचा डोस वयावर ठरत नाही, वजनावर ठरतो, आणि वजन काट्यावर करायचे. १२ किलोच्या मुलाला किलोमागे ७५ मि.ग्रॅ. सांगितले असेल तर ९०० मि.ग्रॅ. होतात. १ मि.लि.मध्ये १०० मि.ग्रॅ. असा द्राव केला तर ९ मि.लि. इथे एक बारकावा आहे. पूड स्वतःही जागा घेते, त्यामुळे १ ग्रॅममध्ये १० मि.लि. पाणी घातले की द्राव १० मि.लि.पेक्षा थोडा जास्त भरतो. पूर्ण बाटली द्यायची असेल तेव्हा याने काही बिघडत नाही. बाटलीतला थोडाच भाग द्यायचा असेल तर पत्रकात लिहिल्याप्रमाणे थोडे कमी पाणी, साधारण ९.६ मि.लि., घालावे लागते. आणि उरलेला द्राव उद्यासाठी फ्रिजच्या दारात ठेवू नये. २५० आणि ५०० मि.ग्रॅ.च्या बाटल्या मिळतात, मुलांसाठी त्या मागाव्यात.

अमिकासिन या दुसऱ्या अँटिबायोटिकबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तेही दिवसातून एकदा देता येते म्हणून गावी पाठवले जाते, आणि ते जास्त सांभाळून द्यायचे औषध आहे. १०० मि.ग्रॅ., २५० मि.ग्रॅ. आणि ५०० मि.ग्रॅ. या तिन्ही ताकदी २ मि.लि.च्या सारख्याच बाटलीत येतात. ३ किलोच्या बाळाला किलोमागे १५ मि.ग्रॅ. म्हणजे ४५ मि.ग्रॅ. द्यायचे तर १००च्या बाटलीतून ०.९ मि.लि. घ्यावे लागते. तेच ०.९ मि.लि. चुकून ५००च्या बाटलीतून घेतले तर २२५ मि.ग्रॅ. जातात, पाचपट. मोठ्यांत अडचण वेगळी. हे औषध मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते आणि साठले तर मूत्रपिंडे आणि कान दोन्हींना इजा करते. सत्तर वर्षांच्या, ३८ किलो वजनाच्या आजींचे क्रिएटिनिन १.० आले की रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिले जाते. पण वय आणि वजन धरून हिशेब केला तर मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मिनिटाला जेमतेम ३१ मि.लि. भरते. निरोगी तरुण माणसात ती शंभरच्या आसपास असते. अंगात स्नायूच कमी म्हणून क्रिएटिनिन कमी दिसते. या आजींना तरुणाचा रोजचा डोस चालणार नाही. अमिकासिन सुरू असताना दर दोन-तीन दिवसांनी क्रिएटिनिन तपासावे, पाणी कमी पडू देऊ नये, आणि अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन अजिबात घेऊ नये. गावातल्या दवाखान्यात या दोन सुया एकाच वेळी टोचल्या जातात. तापाला पॅरासिटामॉल पुरते. कानात आवाज येऊ लागला, तोल जाऊ लागला, ऐकू कमी येऊ लागले तर पुढचा डोस थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. कानाच्या आतल्या संवेदी पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, गेलेले ऐकणे परत येत नाही. आणि अमिकासिन, सेफ्ट्रियाक्सोन एकाच सिरींजमध्ये किंवा बाटलीत मिसळायची नाहीत.

व्हॅन्कोमायसिन या आणखी एका अँटिबायोटिकचे थोडक्यात सांगतो: १ ग्रॅम किमान २०० मि.लि. सलाईनमध्ये, तासाभरापेक्षा लवकर नाही. घाई केली की चेहरा-मान लाल होते, खाज सुटते, रक्तदाब पडतो. त्याची रक्तातली पातळी तपासावी लागते, त्यामुळे त्याचे ठिकाण रुग्णालयच.

रिॲक्शनची तयारी हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. आपल्याकडे सगळा भरवसा ‘टेस्ट डोस’वर. कातडीखाली थोडेसे औषध टोचले, पंधरा मिनिटांत लाल झाले नाही, की मोकळे. ती चाचणी निगेटिव्ह आली म्हणून पुढच्या डोसला काही होणार नाही, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. पहिले चार डोस सुखरूप गेले म्हणून पाचवा जाईलच असेही नाही. त्यापेक्षा नीट विचारपूस कामाची: आधी पेनिसिलिन, अमोक्सिसिलिन, सेफिक्सिम घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या होत्या का, ओठ-जीभ सुजली होती का, दम लागला होता का, चक्कर येऊन पडलात का? सेफ्ट्रियाक्सोनसारख्याच गटातल्या औषधाने असे झाले असेल तर हे औषध द्यायचे नाही. पेनिसिलिनने झाले असेल तर निर्णय रुग्णालयातल्या डॉक्टरांनी घ्यावा, गावात प्रयोग नको.

सुई घेतल्यावर अर्धा तास दवाखान्यात बसायचे, कितीही घाई असली तरी. तळहाताला खाज, अंगभर गांधी, आवाज घोगरा, घशात आवळल्यासारखे, दम, उलटी, डोळ्यांपुढे अंधारी, यांतले काही सुरू झाले की औषध थांबवावे आणि पहिले औषध द्यावे ते ॲड्रेनलीन. एव्हिल (ॲलर्जीचे इंजेक्शन) आणि डेक्सा (स्टिरॉइड) नाही. ती दोन्ही नंतर देता येतात, पण त्यांनी बंद होत चाललेली श्वासनलिका उघडत नाही आणि पडलेला रक्तदाब चढत नाही. ‘आधी एव्हिल देऊन बघू’ म्हणण्यात जी दहा मिनिटे जातात, त्यांत माणूस जातो. ॲड्रेनलीनची ॲम्प्यूल १ मि.लि.ची, तीत १ मि.ग्रॅ. औषध. प्रौढाला त्यातले अर्धे, ०.५ मि.लि., मांडीच्या मध्यावर बाहेरच्या बाजूला स्नायूत. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ०.३ मि.लि., त्याहून लहान मुलाला ०.१५ मि.लि., आणि अगदी तान्ह्या बाळाला वजनावर, किलोमागे ०.०१ मि.ग्रॅ. १ मि.लि.ची सिरींज वापरावी म्हणजे खुणा नीट दिसतात. ही पूर्ण ताकदीची ॲम्प्यूल थेट शिरेत सोडायची नाही. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा तेवढेच. रुग्णाला आडवे करून पाय उंच करावेत. फार दम लागत असेल तर टेकून बसवावे, पण उभे करू नये, चालवू नये. १०८ ला फोन करावा, आणि बरे वाटले तरी रुग्णालयात न्यावे, कारण काही तासांनी तोच प्रकार पुन्हा उसळू शकतो. ही ॲम्प्यूल स्वस्त असते. तिची मुदत दर महिन्याला बघावी, द्राव तपकिरी झाला असेल तर फेकून नवी आणावी. ती कपाटात कुलूपबंद नको, ट्रेमध्ये सिरींजसह तयार हवी. जिथे ॲड्रेनलीन नाही तिथे अँटिबायोटिकची सुई घेऊ नये. रुग्णांनी हे बेधडक विचारावे, यात डॉक्टरांचा अपमान नाही. आणि औषधाच्या दुकानात मागच्या बाकावर बसून किंवा ओळखीच्या कंपाउंडरला घरी बोलावून ही सुई टोचून घेणे तर पूर्ण बंद व्हायला हवे.

हातात कॅन्युला, म्हणजे आपण इंट्राकॅथ म्हणतो ती, ठेवूनच घरी पाठवण्याची पद्धत वाढली आहे. रोज टोचणे टळते हे खरे. पण ती नळी म्हणजे कातडीपासून रक्तापर्यंतचा उघडा रस्ता आहे. पट्टीवर लावल्याची तारीख आणि वेळ लिहावी. रोज बघावे: लाली, सूज, दुखणे, शिरेला दोरीसारखा कडकपणा, औषध सोडताना कळ किंवा गळती. यांतले एक जरी दिसले तरी त्याच वेळी काढून दुसऱ्या हाताला नवी लावावी. ती हातात असताना धारा काढणे, शेण-गोठा, भांगलण, नदीवर धुणे हे सगळे वर्ज्य. आणि घरच्यांना ही सूट नसेल तर सरळ काढूनच पाठवावे. एक डोस, एक ताजी सुई, हे त्या घराला जास्त सोयीचे. प्रत्येक डोसआधी आणि नंतर नळी धुवायला १० मि.लि.ची एकदाच वापरायची सलाईनची ॲम्प्यूल घ्यावी. टेबलावर सुई खोचून ठेवलेल्या मोठ्या बाटलीतून दिवसभर सगळ्यांना पाणी काढणे घातक आहे. एका रुग्णाचे रक्त सूक्ष्म प्रमाणात त्या बाटलीत गेले की पुढच्या सगळ्यांना कावीळ ब, कावीळ क, एचआयव्ही लागू शकतो. २००९ मध्ये गुजरातेतल्या मोडासा परिसरात वापरलेल्या सिरींज पुन्हा वापरल्यामुळे कावीळ ब पसरली आणि माणसे दगावली. सिरींजचे पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावे. वापरलेली सुई परत टोपणात घालायची नाही, ती दवाखान्यातल्या पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यातच टाकायची.

हे सगळे त्या रुग्णांसाठी, ज्यांना या औषधाची खरोखर गरज आहे. डेंग्यू, चिकुनगुनिया, फ्लू यांवर सेफ्ट्रियाक्सोनचा शून्य उपयोग. डोंगराळ, झाडीच्या भागातून आलेल्या तापात स्क्रब टायफस असेल तरी उपयोग नाही, कारण तो जंतू पेशींच्या आत दडतो. तिथे डॉक्सिसायक्लिनची साधी गोळी काम करते. म्हणून काखेत, जांघेत, पट्ट्याखाली काळी खपली (स्क्रब टायफसची खूण) आहे का हे कपडे बाजूला करून पाहावे लागते. एकदाच केलेली टायफॉइडची विडाल टेस्ट ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणून तीन दिवस सुया, हा प्रकार तर दोन्ही बाजूंनी चुकीचा. विडाल आधीच्या आजाराने किंवा लसीनेही वर येते, आणि खराच टायफॉइड असेल तर तीन दिवस पुरत नाहीत. उलट मान आखडलेली, बरळणे, दम, लघवी कमी, अंगावर जांभळे ठिपके अशी लक्षणे असतील तर एक तासही दवडायचा नाही. तिथे गावातली सलाईन लावून रात्र काढू नये, थेट सीपीआर (कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे. अशा रुग्णाचा पहिला डोस जितका लवकर तितका जीव वाचण्याचा संभव जास्त.

सेफ्ट्रियाक्सोन आणि मेरोपेनेम १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ अनुसूचीत आहेत. लेबलवर लाल चौकटीत इशारा असतो. चिठ्ठीशिवाय विक्री नाही, आणि दुकानदाराने डॉक्टर, रुग्ण, औषध आणि प्रमाण यांची वेगळ्या वहीत नोंद करून ती वही तीन वर्षे जपायची असते. आमच्या व्यवसायबंधूंना विनंती, ही वही तपासणीच्या आदल्या रात्री भरायची नसते. जाता जाता गोठ्याबद्दल, कारण हा दुधाचा जिल्हा आहे: म्हशीला दगडी (कासेचा दाह) झाली की याच गटातली इंजेक्शने दिली जातात. जनावरांच्या बाटलीतले उरलेले औषध माणसाला देऊ नये, आणि लेबलवर सांगितलेले दिवस भरेपर्यंत ते दूध डेअरीला घालू नये.

कोर्स संपल्यावरही आठ-दहा आठवडे एका गोष्टीकडे लक्ष ठेवावे. दिवसातून तीन किंवा त्याहून जास्त वेळा पाण्यासारखे जुलाब, पोटात कळा, ताप असे झाले तर जुलाब थांबवणारी गोळी मनाने घेऊ नये. अँटिबायोटिकने आतड्यातले चांगले जंतू मेल्यावर क्लॉस्ट्रिडियम नावाचा जंतू माजतो, त्यावर वेगळे उपचार लागतात, म्हणून डॉक्टरांना ‘अमुक इंजेक्शन झाले होते’ हे आपणहून सांगावे. रिकाम्या बाटलीवरचा बॅच नंबर कार्डावर टिपून ठेवावा. कोणत्याही इंजेक्शनने रिॲक्शन आली तर रुग्ण स्वतःही राष्ट्रीय औषध-सुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवू शकतो. कळवताना हाच बॅच नंबर विचारला जातो.

आपले,
रुग्णालयीन औषधनिर्माते व परिचारिका,
कोल्हापूर